रस्टिक केकची सजावट: आधी केक कुठे आणि किती वेळ उभा राहणार ते ठरवा

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे कळेल. धाकट्या बहिणीचं रिसेप्शन फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, नाशिकला गंगापूर रोडने पुढे धरणाच्या बाजूला एका लॉन्सवर आहे. पाहुणे अडीचशे. केक घरचाच, तुम्ही करणार. तीन टियरचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या तीन मजल्यांचा, आणि बिनअंड्याचा, कारण आजी आणि बहिणीच्या सासरकडची मंडळी अंडं खात नाहीत. आजवर तुम्ही वाढदिवसाचे एक-दोन किलोचे केक केलेत. सजावटीसाठी लाकडाची चकती, गोणपाट, लेस, सुतळी, जिप्सोफिला (बारीक पांढरी फुलं), फेअरी लाइट्स, पाइन कोन आणि गव्हाच्या ओंब्या एवढं जमवून ठेवलंय, आणि यातलं काय कुठे लावू असं विचारताय.

सामान भरपूर आहे. तुमच्या यादीत दिसली नाही ती वेळ. केक टेबलावर किती वाजता येणार आणि कापला किती वाजता जाणार? पत्रिकेवर सात लिहिलेलं असतं, नवरा-नवरी आठला येतात, आणि आहेर-फोटोंची रांग आवरून केकपर्यंत पोचायला साडेनऊ होतात. तोवर केक उघड्यावर. फेब्रुवारीत नाशिकला दुपारी तीस अंशांच्या आसपास गरम होतं आणि अंधार पडल्यावर चांगलंच उतरतं, म्हणजे हंगाम तुमच्या बाजूने आहे. हेच लग्न एप्रिल-मेमध्ये असतं तर पुढचं अर्धं उत्तर मी वेगळं लिहिलं असतं. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून वरचं सामान धरून ठेवायचं सोडून देतं. शिवाय लॉन्सवर वारा असतो, धूळ असते, आणि हॅलोजनच्या उजेडात किडे. म्हणून मी कोणत्याही रस्टिक, म्हणजे गावाकडच्या साध्या धाटणीच्या, केकची सजावट ठरवताना आधी जागा बघते, मग क्रीम ठरवते आणि फुलं-पानं सगळ्यात शेवटी.

हा केक दिसायला साधा, करायला अवघड. फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या लाटलेल्या पोळीने झाकलेला, केक बेकरच्या चुका पोटात घालतो. इथे स्पंज उघडाच असतो. बाजूंना क्रीम न लावता थर दिसू द्यायची पद्धत, म्हणजे नेकेड केक, अलीकडे गाजली ती न्यूयॉर्कच्या मिल्क बारमुळे, क्रिस्टिना टोसी यांच्या केकमुळे. हे दुकान २००८ सालचं. पुढे २०१८ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यात हॅरी आणि मेगन यांच्या लग्नात क्लेअर प्टाक यांनी लिंबू आणि एल्डरफ्लॉवरचा केक केला. त्यावर राजेशाही रॉयल आयसिंगऐवजी बटरक्रीम आणि ताजी फुलं होती. तेव्हापासून आपल्याकडेही मुली हेच फोटो घेऊन येतात. पण ते केक थंड हवेतले, बंद दालनातले आणि अंडी घातलेले. नुसता फोटो बघून आपण तुलना करायला लागलो की फसतो.

तुमच्यासाठी मी पूर्ण नेकेड केक सुचवणार नाही, सेमी-नेकेड सुचवेन. बिनअंड्याचा स्पंज मऊ आणि भुसभुशीत असतो, त्याच्या उघड्या कडा फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत दोन-तीन तासांत सुकतात आणि फोटोत भाजक्या टोस्टसारख्या दिसतात. सेमी-नेकेडमध्ये क्रीमचा पातळ थर लावून स्क्रॅपरने (सपाट पट्टीने) बराचसा परत काढून घ्यायचा. हात इथे महत्त्वाचा. स्क्रॅपर केकला सपाट चिकटवू नका, किंचित तिरका धरा, टर्नटेबल एका दमात फिरवा आणि प्रत्येक फेरीनंतर स्क्रॅपर पुसा. न पुसता परत लावलात तर चुरा क्रीममध्ये ओढला जातो आणि केक मळकट दिसतो. स्पंज सगळीकडे सारखा दिसायला नको. कुठे जास्त, कुठे नुसती झलक, आणि वरच्या कडेला क्रीम थोडं उंचसखल तसंच सोडायचं. क्रीम लावण्याआधी थरांच्या कडांवर साखरेच्या पाकाचा ब्रश फिरवा, साखर आणि पाणी समप्रमाणात. वॅनिला चालेल, वेलची-केशर घातलंत तर मोठी माणसं खूश होतात.

क्रीम कुठलं? बहुतेक घरगुती बेकर नॉन-डेअरी व्हिप क्रीम वापरतात, तुम्हीही तेच वापरत असाल. वाढदिवसाच्या केकला ठीक आहे. इथे दोन अडचणी: ते फार पांढरंशुभ्र असतं, त्यामुळे लाकूड-ओंब्यांच्या शेजारी उपरं वाटतं; आणि फ्रिजबाहेर दोन-अडीच तासांनी खचायला लागतं. स्विस मेरिंग बटरक्रीम अंड्यामुळे बाद. मी अशा वेळी मैदा शिजवून केलेलं बटरक्रीम करते. २५० मिली दुधात ४० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम साखर गुठळी न होऊ देता मिसळायची, मंद आचेवर पातळ पिठल्यासारखं होईपर्यंत ढवळत शिजवायचं, वर साय धरू नये म्हणून क्लिंग फिल्म थेट चिकटवून पूर्ण गार करायचं. मग २५० ग्रॅम बिनमिठाचं बटर फेटून त्यात हे चमच्या-चमच्याने घालत जायचं. मिश्रण कोमट असताना घातलंत तर बटर वितळून ताक होईल, तेव्हा घाई नको. चव कमी गोड, रंग सायीचा, आणि संध्याकाळच्या फेब्रुवारीच्या हवेत छान टिकतं. कार्यक्रम दुपारचा असेल तर मात्र हे विसरा आणि व्हाइट चॉकलेट गनाश करा, तीन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम. गोड होईल, पण उभं राहील.

आता मापं. ६, ८ आणि १० इंचांचे तीन टियर साधारण एक, दोन आणि तीन किलो धरा, म्हणजे सहा किलो. जेवणानंतर माणशी ४० ग्रॅमचा तुकडा पुरतो, या हिशेबाने सहा किलोत दीडशे माणसं. उरलेल्या शंभरांसाठी तीन टियरचा पाच टियर करू नका. तोच स्पंज आणि तेच क्रीम घेऊन चार किलोचा साधा शीट केक करा, तो किचनमध्ये कापून ट्रेमधून फिरवा. कुणाला फरक कळत नाही. काही जण उंची दाखवायला आत थर्माकोलचा डमी टियर घालतात. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

वजनाचं एवढं सांगते: प्रत्येक टियर स्वतःच्या बोर्डवर असू द्या आणि खालच्या दोन टियरमध्ये जाड स्ट्रॉ किंवा डॉवेल (आधाराच्या काठ्या) उभे घाला, केकच्या उंचीइतके अचूक कापून. बिनअंड्याचा स्पंज दोन किलोचा भार स्वतःच्या अंगावर घेऊ शकत नाही. वरच्या सजावटीचं वजनही याच हिशेबात येतं, त्याकडे खाली परत येते.

जमवलेलं सामान एकेक करून बघू. पाइन कोन आणि फेअरी लाइट्स काढून टाका. पाइन कोनचा नाशिकशी काही संबंध नाही, त्यातून भुसा पडतो, आणि तो धुऊन स्वच्छ होत नाही. लाइट्सची वायर आणि बॅटरी केकवर कधीच नको. टेबलाच्या कापडाखाली पसरल्या तर चालतील. गोणपाट आणि सुतळी दिसायला सुरेख, पण गोणपाट तंतू सोडतं आणि त्याला तेलकट वास असतो. केकला थेट गुंडाळलंत तर क्रीमचं तूप शोषून अर्ध्या तासात काळपट डाग दिसायला लागतात, आणि बटर तो वास ओढून घेतं. गोणपाट टेबलावर रनर म्हणून अंथरा. केकच्या बुडाशी सुतळी हवीच असेल तर आधी बटर पेपरची अरुंद पट्टी लावा, सुतळी त्या पट्टीवर. लेसचंही तसंच. माझा सल्ला विचाराल तर सुतळी किंवा लेस, दोन्हींतलं एकच, तेही फक्त मधल्या टियरला.

गव्हाच्या ओंब्या मला फार आवडतात. आणि फेब्रुवारीत त्या तुमच्या बाजूला शेतात हिरव्या असतात, सोनेरी व्हायला मार्च लागतो, तर हिरव्याच घ्या, त्याच जास्त देखण्या. निफाडच्या संशोधन केंद्रातून आलेल्या गव्हाच्या वाणांची नावं त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आहेत. घरच्या लग्नाच्या केकवर याहून नाशिकचं काय हवं! पण ओंबीची कुसं बारीक, टोकदार असतात आणि घशात अडकतात. केकच्या पृष्ठभागावर एकही ओंबी नको. बुडाशी, बोर्डच्या कडेला आडव्या मांडा, जिथून सुरीची वाट जात नाही.

लाकडाच्या चकतीबद्दल वेगळं सांगायला हवं. वखारीतून आणलेली ताजी चकती ओली असते, सालीत किडे असतात, आणि सुकताना ती वाकते. घरी सपाट वाटलेली चकती लॉन्सवर डुगडुगली तर तीन टियर तिरपे दिसतात. तुमच्याकडे आहे ती किती महिने सुकलीय ते बघा, स्पिरिट लेव्हल ठेवून तपासा, आणि केक बोर्डशिवाय तिच्यावर काहीही ठेवू नका. मी सांगू का, चकतीपेक्षा घरातला जुना शिसवी पाट किंवा चौरंग घ्या. आजीच्या माळ्यावर नक्की सापडेल. फोटोत तो कुठल्याही विकत आणलेल्या स्टँडपेक्षा उठून दिसतो, आणि लग्नघरात पाटाला जो मान आहे तो वेगळाच. भांडी बाजारातली मोठी पितळी परात उपडी घालूनही छान होतं. फक्त बिनकल्हईच्या पितळेला फळं किंवा क्रीम लागू देऊ नका, बोर्ड मधे हवाच.

फुलांकडे येते, कारण इथे सौंदर्यापेक्षा सुरक्षेचा मुद्दा मोठा आहे. कण्हेर, धोतरा, घाणेरी, कळलावी, रुई ही फुलं केकच्या जवळसुद्धा नकोत, सगळी विषारी आहेत. पॉइनसेटिया आणि हायड्रेंजियाही नको. चाफा दिसतो गोड, पण देठातून चीक गळतो. आंब्याच्या पानाचं तेच. जिप्सोफिला खाण्याचं फूल नाही आणि त्याचे बारीक दाणे क्रीममध्ये सांडतात, म्हणून तीही यादीतून वगळा. निशिगंधाचा वास बटर पकडतं आणि केक अत्तरासारखा लागतो. रंगात बुडवलेली निळी-हिरवी शेवंती तर हातातही घेऊ नका.

राहिला गुलाब. दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडी भागात पॉलीहाउसचा गुलाब पिकतो, तुम्हाला जवळ आहे. पण बाजारातल्या गुलाबावर फवारणी असते, आणि झाडात भिनणारं औषध नुसतं धुऊन जात नाही. शेतकऱ्याशी आधी बोलून बिनफवारणीची फुलं मिळाली तर उत्तम. नाहीतर शेजारच्या बागेतले गावठी गुलाब घ्या, आकाराने लहान असले तरी चालतील. एक व्यवहाराची गोष्ट: तुमची तारीख व्हॅलेंटाइनच्या आसपास आहे, तेव्हा गुलाबाचे भाव चढलेले असतात. आठवडाभर आधी सांगून ठेवा किंवा गुलाब कमी करून पिवळट-पांढरी शेवंती वाढवा, ती पाण्याशिवायही रात्रभर तगते. फुलं आदल्या रात्री देठ तिरके कापून पाण्यात ठेवा, वापरायच्या आधी झटकून पूर्ण कोरडी करा. देठ क्रीममध्ये सरळ खुपसायचा नाही. जाड स्ट्रॉचा तुकडा घ्या, एक टोक वितळलेल्या चॉकलेटने बंद करा, त्यात देठ घाला आणि तो स्ट्रॉ केकमध्ये रोवा. टियरच्या पायरीवर फुलं ठेवायची असतील तर खाली बटर पेपरचा तेवढाच तुकडा कापून घाला. नुसती फ्लोरल टेप पुरत नाही.

आता द्राक्षं. तुमच्या यादीत ती नव्हती याचं मला आश्चर्य वाटलं. द्राक्षांचा ऐन हंगाम, आणि तुमचं लॉन्स मळ्यांच्या शेजारी! माझ्या मते या केकची मुख्य सजावट द्राक्षंच असावीत. शरद सीडलेससारखं काळं द्राक्ष सायीच्या रंगावर जे दिसतं त्याला तोड नाही. सोबतीला थोडी हिरवी थॉम्पसन किंवा सोनाका. पण अख्खा घड लावू नका. एक घड ३०० ते ५०० ग्रॅमचा असतो, टियरच्या कडेवर ठेवलात की क्रीम खचतं आणि घड घसरतो. घडातून दहा-बारा मण्यांची छोटी फांदी देठासकट कापा. द्राक्षंही फवारणीचीच असतात, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी मीठ-पाण्यात ठेवून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि सुती पंचावर पसरून रात्रभर वाळू द्या. चोळू नका, मण्यावरची पांढुरकी झाक निघून गेली तर तो प्लास्टिकचा वाटतो. देठाजवळ सैल झालेला मणी आधीच काढून टाका, नाहीतर तो बरोब्बर कार्यक्रमात गळतो. ओला मणी क्रीमला लागला की जांभळे ओघळ येतात, ते पुसता येत नाहीत.

साखरेत घोळवलेली द्राक्षंही सुंदर दिसतात. परदेशात त्यासाठी अंड्याचा पांढरा भाग लावतात. आपण खाण्याचा डिंक पाण्यात विरघळवून पातळ हात फिरवायचा आणि बारीक साखरेत लोळवायचं. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत साखर चांगली सुकते. पावसाळ्यात हा उद्योग करू नका. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी त्याच दिवसांत येते, मोह होईल. घ्या, पण हिरव्या टोपीसकट, न कापता, आणि शेवटच्या तासात लावा. संत्र्याच्या पातळ चकत्या ओव्हनमध्ये ९०-१०० अंशांवर तीन-चार तास सुकवून ठेवल्या तर आठवडाभर आधीचं काम संपतं, आणि उजेड मागून आला की त्या काचेसारख्या चमकतात. वाइनबद्दल कुणीतरी सुचवणारच, नाशिक आहे शेवटी. बिनअंड्याचा केक मागणाऱ्या घरात न सांगता वाइन घालणं बरं नाही. काळ्या द्राक्षांचा रस आटवून पाक करा, रंग तोच येतो.

मांडणीचं मी एकच पथ्य पाळते: सगळीकडे थोडं थोडं लावायचं नाही. वरच्या टियरच्या डाव्या बाजूला सुरुवात करा, तिथून तिरकं खाली येत खालच्या टियरच्या उजव्या बाजूला संपवा. मोठ्या वस्तू आधी, म्हणजे द्राक्षांच्या फांद्या. मग दोन-तीन गुलाब, एकमेकांपासून वेगवेगळ्या अंतरावर. शेवटी पुदिना, तुळस किंवा रोजमेरीची पानं, फटी झाकण्यापुरती. केकचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा राहिला पाहिजे. आता पुरे झालं असं वाटेल तेव्हा मागे जाऊन फोनमध्ये फोटो काढून बघा. डोळ्याला जे कळत नाही ते फोटोत लगेच दिसतं, आणि बहुतेक वेळा काहीतरी काढावंच लागतं. एक गोष्ट विसरू नका: नवरा-नवरी खालच्या टियरला समोरून, जरा उजवीकडून सुरी लावतात. तेवढी जागा आधीच मोकळी सोडा. हिरवळ तिरपी असते, म्हणून टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या चपट्या घड्या ठेवायला लागतील, त्या गाडीत असू द्या.

वेळापत्रक असं ठेवा. दोन दिवस आधी स्पंज भाजून, गार करून, घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये. आदल्या दिवशी भरणी, सेमी-नेकेड कोट आणि डॉवेल. तिन्ही टियर वेगवेगळ्या खोक्यांत रात्रभर गार. त्या दिवशी लॉन्सवर किमान तीन तास आधी पोचा. एकावर एक रचून गाडीत नेऊ नका, रस्त्यावरचे स्पीड ब्रेकर तुम्हाला माहीत आहेतच. खोकी मांडीवर न घेता डिकीच्या सपाट तळाशी, खाली अँटी-स्किड मॅट, गाडीत एसी सुरू. रचणं आणि सजावट लॉन्सच्या बंद खोलीत करा आणि पूर्ण केक दोघांनी उचलून मंचाच्या बाजूला, थेट हॅलोजनखाली नसेल अशा ठिकाणी ठेवा. फ्रिजमधून काढलेल्या केकवर दव धरतं. ते वाळेपर्यंत फुलं-फळं लावायची नाहीत. कार्यक्रम सुरू होईपर्यंत वर पातळ मलमलीचं कापड किंवा मोठी जाळी, किड्यांसाठी. आणि कापण्याआधी केक दीड-दोन तास बाहेर असला पाहिजे, थंडगार बटरक्रीम जिभेला मेणासारखं लागतं.

राहिलं कापणं, जे बहुतेक जण कॅटररवर सोडून देतात. फोटो झाले की सजावट सगळी उतरवायची, मगच सुरी. केकमध्ये किती स्ट्रॉ, किती डॉवेल, किती टूथपिक गेल्या ते रचतानाच एका कागदावर लिहा आणि तो कागद बोर्डच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा. वाढणाऱ्या मुलांपैकी एकाला हाताशी धरून तो कागद दाखवा आणि तेवढे नग मोजून परत मागा. तुमची मैत्रीण किंवा भाऊ या एका कामासाठी केकजवळ उभा ठेवलात तर अजून चांगलं, कारण त्या वेळी तुम्ही स्वतः बहिणीच्या शेजारी फोटोत असाल.